आरशात दिसत राहा

तिने करकचून ब्रेक दाबला, तशी रिकामी बस गचका देऊन उभी राहिली. दांडा धरून उभे असलेले लायसन्सचे परीक्षक पुढे झुकले.

"काय झालं बाई? आडवं तर कुणी आलं नाही."

आडवं कुणी आलं नव्हतं. पण पुढच्या वळणावर रस्त्यात बांबू टाकला होता आणि बांबूशेजारी गणवेशातला माणूस उभा होता. मायदेश सोडताना अशाच एका नाक्यावर गणवेशवाल्यांनी त्यांची गाडी अडवली होती. नवऱ्याला खाली उतरवून घेऊन गेले, तो पुन्हा दिसलाच नाही. तेव्हापासून गणवेश दिसला की तिच्या हातापायांतलं बळ जायचं. या शहरात आली तेव्हा ती पोस्टमनलासुद्धा दार उघडत नसे.

समुपदेशक बाईंकडे जायला लागली, तेव्हा सासूबाई कुरकुरल्या होत्या, "नुसतं बोलून कुणाचं दुखणं गेलंय?" मग एकदा सोबत म्हणून गेल्या आणि सुनेला तोंड उघडू न देता आपणच पोटभर बोलून आल्या. बस शिकायचं निघालं तेव्हा तर सासूबाईच हट्टाला पेटल्या. "तिकडे ट्रक हाकत होतीस, इथली बस काय जड आहे?"

"पुढे घेताय ना?" परीक्षकांनी विचारलं.

"घेते. जरा थांबा."

तिने हँडब्रेक ओढला. समुपदेशक बाईंनी शिकवलं होतं तसे दोन्ही पाय घट्ट टेकवले आणि समोर दिसेल ते पुटपुटू लागली. "बांबू. लाल कापड. चपलांचं दुकान. पाणी."

पाणी? वळणावर खरंच गुडघाभर पाणी साचलं होतं.

गणवेशातला माणूस तिच्याच खिडकीकडे येत होता. तो काचेवर टकटक करणार, तेवढ्यात तिनेच काच खाली केली.

"काय झालं, दादा?"

"पाइप फुटलाय, ताई. गाडी मागे घ्यावी लागेल."

मागे चिंचोळी गल्ली, दोन्ही बाजूंना उभ्या मोटारी. परीक्षकांनी वळून पाहिलं आणि खिशातला फोन काढला. "हे परीक्षेत धरत नाही. डेपोतून ड्रायव्हर बोलावतो."

"नको, साहेब. मी घेते."

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "दादा, मागे जाऊन उभे राहा. आणि मला आरशात दिसत राहा. दिसेनासे झालात की मी थांबणार."

तो माणूस चक्क पळत गेला.

"येऊ द्या, येऊ द्या... बस्स!" तो ओरडला की ती थांबायची. "उजवीकडे सरका!" ती ओरडली की तो सरकायचा. मध्येच त्याला कुणीतरी हाक मारली आणि आरसा रिकामा झाला. तिचा पाय ब्रेकवर गेला. तिने हॉर्नवर तळहात दाबला.

"अहो दादा, कुठे गेलात?"

तो धावत आरशात परत आला. कान पकडून म्हणाला, "चुकलं, ताई! या मागे."

ती हसली. अगदी मोठ्याने, परीक्षकांसमोर.

एकाही मोटारीला न घासता बस गल्लीतून बाहेर पडली. चपलांच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षक अजून समोरच्या काचेतून गल्लीच बघत होते.

तिने चाक दुसऱ्या रस्त्याकडे वळवलं आणि पहिला गिअर टाकला.

"साहेब, बसून घ्या," ती म्हणाली. "गाडी सुटतेय."

परीक्षक मुकाट्याने बसले.