सॉमिल रोडचा दुसरा गायक

आमच्या बँडचं नाव सॉमिल रोड. अलाबामात आम्ही ज्या रस्त्यावर वाढलो, त्याचंच. रॉइस टगल गिटार वाजवायचा, क्लिंटन गायचा, मी ड्रमवर. बाकीचे आले नि गेले. एक बेसवाला दारूपायी वाया गेला, दुसरा पाद्री झाला. पण आम्ही तिघं म्हणजेच बँड, असं गावही मानायचं.

मोबीलला कार्यक्रमाआधी तारा जुळवता जुळवता रॉइस कोसळला. मेंदूत रक्ताची गाठ. जीव वाचला, पण उजवा हात आणि वाचा गेली. ‘हो’, ‘नाही’ आणि एक शिवी, एवढंच तोंडात राहिलं.

उन्हाळ्याचे कार्यक्रम ठरलेले होते. क्लिंटननं जॉर्जियातून डेल्बर्ट नावाचा गिटारवाला आणला. रॉइसला सांगायला आम्ही दोघं गेलो. त्यानं ऐकून घेतलं आणि शिवी हासडली.

“दे लेका शिव्या,” क्लिंटन म्हणाला. “पण बँडच बुडाला तर तुझं तरी काय उरणार?”

रॉइसनं दाराकडे बोट दाखवलं.

त्यानंतर गावात असला की क्लिंटन दर रविवारी चर्चमधून थेट त्याच्याकडे जायचा. दार उघडायचं नाही. हा ओसरीवर बसून जाळीच्या दारातून एकटाच बोलायचा, तळलेली कोंबडी पायरीवर ठेवून निघायचा. पुढच्या रविवारी ताट धुतलेलं असायचं. चार वर्षं असं चाललं. मग एका सकाळी क्लिंटनचं हृदय थांबलं.

त्याची आई, मिस इनेझ, मला म्हणाली, “त्याचं नदीचं गाणं वाजवा. भजनं काय, सगळ्यांच्याच मयताला होतात.”

चर्चमध्ये डेल्बर्टनं सुरुवात केली. गाणार मी होतो. माझी ओळ आली आणि मी शवपेटीकडेच बघत राहिलो. डेल्बर्टनं सुरुवातीचा तुकडा पुन्हा वाजवला, पुन्हा एकदा वाजवला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज उठला. रॉइस काठीच्या आधारानं उभा राहून गात होता. प्रत्येक शब्द अख्खा, स्वच्छ. मिस इनेझनं मागे वळून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “अरे, तुला बोलता येतं?”

त्यानं ओठ हलवले. मानेच्या शिरा ताठल्या. “नाही,” एवढंच बाहेर पडलं.

डॉक्टर म्हणाले, बोलणं गेलं तरी काहींचं गाणं शाबूत राहतं.

पुढच्या आठवड्यात डेल्बर्ट रॉइसच्या दारात उभा राहिला. टोपी हातात. “मिस्टर रॉइस, तुमची जागा मी घेतलीय, मला कळतंय. क्लिंटनची रिकामी आहे. याल?”

रॉइसनं त्यालाही शिवी घातली आणि काठी टेकत गाडीत जाऊन बसला.

मरेपर्यंत तो गायला. दोन गाण्यांच्या मध्ये लोकांशी डेल्बर्ट बोलायचा.

आता डेल्बर्टच गातो. माझे खांदे गेले, ड्रमवर सेल्मा गावची एक मुलगी असते. परवा डेमोपोलिसच्या जत्रेत मी खाली खुर्चीवर बसून ऐकलं. शेजारची बाई प्रत्येक गाणं सोबत म्हणत होती, सगळं पाठ. “आधी ऐकलंय का यांना?” तिनं विचारलं.

“ऐकलंय,” मी म्हणालो, आणि तिला गाऊ दिलं.