मिलकाच्या मागे केस काढणारे

मिलकाला पुरून तीन दिवस झाले होते. आज घरच्यांनी केस काढायचे. झब्लोनच्या अंगणात सकाळीच भाऊबंद जमले. अदेरा म्हातारी पाण्याचं भांडं आणि नव्या पात्यांची पुडी घेऊन बसली.

झब्लोन आणि मिलकाला पोटचं मूल नव्हतं. पण बाजारात, दवाखान्याच्या पायरीवर, गिरणीमागे लोकांनी टाकून दिलेली सात मुलं मिलकाने घरी आणली होती. चर्चच्या बायका मका द्यायच्या, ती भाकरतुकडा करायची आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांना लिहायला-वाचायला शिकवायची.

"शाळा आता मिटली," झब्लोनचा थोरला भाऊ ओग्वेनो म्हणाला. "उद्या तालुक्याला ट्रक जातोय. पोरांना तिथल्या अनाथाश्रमात सोडतो."

"आधी त्यांचे केस काढू," झब्लोन म्हणाला.

रीत सगळ्यांना माहीत होती. ज्याच्या डोक्यावरून पातं फिरलं तो त्या घरचा. त्याला मग कुणी हुसकू शकत नाही, जमिनीवरूनही नाही.

"साठीला बाप व्हायची हौस आली का रे?" ओग्वेनो म्हणाला. " परक्याचं डोकं भादरलं की घराला शाप लागतो."

"लागू दे, दादा. घरात आता मीच उरलोय."

"आलाच शाप तर त्यालाही वाढू," अदेरा म्हणाली. "सात खातायत, तो आठवा."

कुणीतरी हसलं. झब्लोन आधी स्वतः बसला. मग एकामागून एक सहा मुलं बसली. सातवी अकेच, नऊ वर्षांची, दोन्ही हातांनी डोकं झाकून भिंतीला टेकून उभी राहिली.

"ये गं बाळा," झब्लोन म्हणाला.

"नाही काका. आई मेल्यावर केस काढतात. माझी आई मेली नाही. ती येणार आहे."

चार वर्षांपूर्वी तिची आई तिला गिरणीवर बसवून 'आलेच' म्हणून गेली होती.

"ऐकलंस?" ओग्वेनो म्हणाला. "ही स्वतःच सांगतेय, या घरची नाही म्हणून. हिला तरी उद्या पाठव."

पोरीला धरून बसवायला दोन मिनिटं लागली असती. झब्लोन उठलासुद्धा. मग थांबला. मिलका येणार नव्हती. या पोरीला निदान वाट तरी पाहता येत होती, आणि तिची ती आस त्याला मोडवेना.

"तिची आई आली तर कुठे येईल, दादा? तालुक्याला?"

"गिरणीवर येईल."

"आणि गिरणीवाला कुणाचं घर दाखवेल?"

ओग्वेनो हातातल्या काठीने माती उकरू लागला.

"ती इथेच राहील," झब्लोन म्हणाला. "केसांसकट."

"कुठल्या हक्काने? उद्या तू गेल्यावर हिला कोण विचारणार?"

सहांमधला थोरला ओपोंडो ओलं डोकं पुसत होता. त्याने मोठ्यांच्या बोलण्यात कधी तोंड घातलं नव्हतं.

"आम्ही विचारू, काका," तो ओग्वेनोला म्हणाला. "आम्ही आता या घरचे आहोत ना?"

म्हातारीने उरलेलं पातं कागदात गुंडाळलं. ओग्वेनोने काठी जमिनीवर टेकली. मग उठला आणि ट्रकवाल्याला नको म्हणून सांगायला स्वतःच निघाला.