हिरव्या मण्याचा नंबर

मबरूकाला अक्षर येत नव्हतं, आणि त्यावाचून तिचं आजवर काही अडलंही नव्हतं. आकडे तिला फोनच्या बटणांच्या जागेवरून कळायचे, तेवढे पुरत. बाकीची सोय तिची लेक हेदिया सफाक्सला नांदायला जाताना करून गेली होती. फोनच्या उजव्या कडेला बटणांची वेगळी रांग होती, त्यांत एकेक नंबर भरलेला. पहिल्या बटणावर नखांच्या लाल रंगाचा ठिपका, म्हणजे हेदिया. त्याखाली डिंकाने चिकटवलेला हिरवा मणी, म्हणजे समुद्रापलीकडे मार्सेय शहरात राहणारा, शेजारणीचा भाचा हमादी. त्याखाली मसुरीचा दाणा, म्हणजे सुईण. ती बिचारी केव्हाच अल्लाघरी गेली, दाणा तेवढा राहिला. सगळ्यात खालच्या बटणाला खूण नव्हती.

"शेवटी लावलेला नंबर त्यात राहतो," हेदियाने बजावलं होतं. "परत लावायचा तर तेवढं एकच बटण दाब. पण मधे दुसरा नंबर लावलास, की पहिला गेलाच म्हणून समज."

समुद्रकाठच्या जर्जिस गावातल्या त्या गल्लीत फोन असा एकच. त्यामुळे मबरूकाच्या घराला दार होतं, पण कडी असून नसल्यासारखी. ज्याला बोलायचं तो यायचा, बोलायचा, जाताना खिडकीत चार अंडी नाहीतर माशाचा तुकडा ठेवायचा. नाही म्हणायची रीत नव्हती.

त्या शुक्रवारी दुपारी ती कुसकुसचा रवा हाताने मोकळा करत होती, तोच फोन वाजला.

"आई, मी लझर."

तिच्या हातातली परात कलंडली. लझर एका रात्री चोरून नावेत बसून गेला, त्यानंतर त्याचा आवाज तिने आज पहिल्यांदा ऐकला. गल्लीला तिने सांगितलं होतं, पोरगा बहिणीकडे रंगकाम करायला गेलाय. खरं कुणाला सांगायचं नाही अशी शपथ त्यानेच घातली होती.

"कुठायस रे? अंगावर कोरडे कपडे तरी आहेत का?"

"पोचलो पलीकडे. आई, ऐक. एका फळवाल्याचा फोन आहे, तो डोळे वटारून उभाय. माझी पिशवी समुद्रात गेली, हमादीचा नंबर तिच्यातच होता. एक ट्रक सूर्यास्ताला उत्तरेकडे निघतोय. ड्रायव्हर म्हणतो, तिकडे घ्यायला कुणी येणार असेल तरच बसवीन. नाही बसलो तर उद्या पोलीस उचलतील नि परत धाडतील. हमादीचा नंबर सांग!"

मबरूकाने हिरव्या मण्याकडे पाहिलं. नंबर तिथे होता, पण तो काय आहे हे त्या मण्यालाच ठाऊक.

"बाळा, तो बटणात आहे..."

"बटणात म्हणजे काय? बरं, हेदियाला विचार. हा दुकान बंद करून जेवायला चाललाय, उन्हं उतरली की येईल. तेव्हा इथे फोन कर. मला तो पुन्हा फोन करू देणार नाही." त्याने आकडे सांगितले आणि फोन तुटला.

आकडे ओठांवर घोळवत तिने विसरायच्या आत ते दाबून टाकले. पलीकडे घंटी वाजत राहिली. दुकानदार गेला होता. रिसीव्हर खाली ठेवेपर्यंत आकडे तिच्या ओठांवरून पार पुसले गेले. हरकत नाही, खालच्या बटणात आहेत, असं म्हणत तिने लाल ठिपक्याकडे बोट नेलं आणि ते तिथेच थिजलं.

हेदियाला फोन लावला, की लझर गेला. हिरवा मणी दाबून हमादीलाच बोलावलं, तरी लझर गेला, आणि मग हमादीने तरी त्याला कुठे गाठायचं? लेकीचा नंबर बाहेरून लावावा, तर तोही लाल ठिपक्याच्या पोटात. सगळी माणसं त्या एका डब्यात शेजारी शेजारी बसली होती आणि तिला एकाचाही पत्ता तोंडाने सांगता येत नव्हता. तिने रव्याने भरलेले हात कपाळावर मारून घेतले.

तेवढ्यात शेजारची सालिहा आत आली. हमादी तिच्या बहिणीचा मुलगा. दर शुक्रवारी ती त्याच्याशी बोलायची, आणि बोलणं झालं की त्याने काय खाल्लं, काय घातलं ते सगळ्या गल्लीला कळायचं.

"सरक गं बाई. भाच्याची खबर घेते."

मबरूकाने दोन्ही हातांनी फोन झाकला. "बिघडलाय."

सालिहाने रिसीव्हर खेचून कानाला लावला. "हा तर मस्त गुणगुणतोय की! दळणाला बसल्यासारखा."

"सालिहा, तुझ्या पाया पडते. आज नको."

"का गं? लझर सफाक्सला जाऊन साहेब झाला, म्हणून आम्ही परके? तुझ्याकडे फोन आला त्याच्या आधीपासून माझ्याकडे विहीर आहे हो. मी कधी तुझा दोर ओढून धरला नाही."

हे बोलणं मबरूकाच्या काळजात घुसलं, कारण ते खरं होतं. सगळं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण सालिहाच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि तिचा सख्खा दीर किनाऱ्यावरच्या पहाऱ्यात नोकरीला. शपथ आठवून मबरूकाने तिच्या हातातला रिसीव्हर काढून घेतला आणि फोन उराशी धरला.

"ठेव उरावर तुझा फोन!" सालिहा उंबऱ्यातून ओरडली. "आणि ते मणीही तुलाच लखलाभ. माझी बोटं अजून शाबूत आहेत."

उन्हं उतरली. मबरूकाने खालचं बटण दाबलं. घंटी वाजली, कुणी उचललं नाही. नमाज पढून पुन्हा दाबलं, तरी नाही. फळवाला जेवून झोपला होता की मेला होता कोण जाणे. आणि उचललाच फोन, तर लझरला सांगायचं काय? बसून राहणं अशक्य झालं, तेव्हा तिला रिदा आठवला.

मशिदीजवळ रिदाचं नाण्यांच्या फोनचं दुकान होतं. बिघडलेले फोन तो उघडून नीट करायचा. मण्यातला नंबर बाहेर काढायची युक्ती कुणाला माहीत असेल तर त्यालाच. पण फोन घरी ठेवून जावं, तर दार उघडं. सालिहा नाहीतर दुसरं कुणी येऊन खुशाल नंबर लावील. मबरूकाने भिंतीतली तार उपटली, फोनला गुंडाळली आणि फोन काखेत मारून वर पांढरी चादर ओढून घेतली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते तिने अगदी शब्दशः केलं.

रिदाने फोन आपल्या तारेला जोडून खालचं बटण दाबलं. काही नाही, नुसती गुणगुण. लाल ठिपका दाबला, हिरवा मणी दाबला. गुणगुण. त्याने फोन उलटा करून पोटाचं झाकण काढलं.

"मावशी, यातले सेल कुठे गेले?"

"रेडिओत."

लझर निघाला त्या रात्री रेडिओचे सेल संपले होते आणि समुद्राचं हवामान ऐकायचं होतं. फोनच्या पोटात सेल असतात हे हेदियाने दाखवलं होतं, म्हणून तिने तेच काढून घातले. फोन तर तसाच चालू राहिला! मग हे उगाच कशाला घालतात, असंच तिला वाटलं. समुद्र शांत राहील असं रेडिओ म्हणाला, तेव्हा तिने त्याचा मुका घेतला होता.

"भिंतीतली तार असेपर्यंत चालतं, मावशी," रिदा हळूच म्हणाला. "तार काढली की सगळी भिस्त सेलांवर. आता यात काहीच उरलं नाही."

मबरूकाने सेलांच्या रिकाम्या खाचेत बोट घालून पाहिलं. "समुद्राने सोडला त्याला," ती म्हणाली, "आणि मी बुडवला. मीच. माझ्या या हातांनी." ती लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडू लागली.

"मावशी, लझर तर सफाक्सला..." रिदा बोलता बोलता थांबला. त्याला कळायचं ते कळलं. "बरं, त्याच्याकडे तुझा नंबर आहे ना? तो करील की."

मबरूकाने वर पाहिलं. फोन रिदाच्या टेबलावर पडला होता. लझर आत्ता फोन करत असेल, तर तो वाजायला घरात होतं काय? तिने फोन ओढून घेतला आणि धावत सुटली. एक चप्पल वाटेत राहिली, तिकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

घरात शिरताच तिने तार भिंतीत खुपसली. तार बसली आणि फोन वाजलाच.

"आई! होतीस कुठे? किती वेळ करतोय! बाबांचं घड्याळ ड्रायव्हरला देऊन नाणी घेतलीत. थोडी हमादीला फोन करायला ठेवायचीत. ट्रक सुरू झालाय. सांग नंबर!"

मबरूकाने पुन्हा हिरव्या मण्याकडे पाहिलं. तेवढ्यात दारात सावली पडली. एका पायात चप्पल नसलेली म्हातारी फोन कवटाळून गल्लीतून धावते म्हटल्यावर सालिहाच्याने घरात बसवणार थोडंच? रागाने गाल फुगलेलेच होते, पण ती आली होती. आणि तेव्हा कुठे मबरूकाच्या डोक्यात प्रकाश पडला. सालिहाने आजवर कधी मणी दाबला नव्हता. हा फोन यायच्या आधी तिने रिदाच्या दुकानातून हाच नंबर वर्षानुवर्षं लावला होता.

"सालिहा, हमादीचा नंबर सांग!"

"का? दुपारी बिघडला होता ना फोन?"

"लझर पलीकडे आहे. नावेने गेला. मी खोटं बोलले. तुझ्या दिराला सांग, गावभर सांग, मला जाळ, पण आधी नंबर सांग!"

सालिहाचं तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदाच त्यातून काही आलं नाही. मग तिने रिसीव्हर हिसकावला, डोळे मिटले आणि हवेत बोट आपटत एकेक आकडा ओरडून सांगू लागली. शेवटच्या आकड्यांना फोन तुटला.

"सगळे ऐकले त्याने?"

"मी सगळे सांगितले गं. शेवटचे दोन त्याला पोचले की नाही, अल्ला जाणे."

मबरूका भिंतीला टेकली. सालिहाने न विचारता फोन पुढ्यात ओढला आणि हमादीचा नंबर स्वतः लावला, प्रत्येक बटण मसाला कुटल्यासारखं दाबून. ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठी पडली. तिने रिसीव्हर दोघींच्या मधे धरला. टूं, टूं, टूं.

"लागत नाही?" मबरूकाने विचारलं.

"हमादी कुणाशी तरी बोलतोय."

"कुणाशी?"

"मला काय माहीत? शुक्रवारी माझ्याशी बोलल्याशिवाय तो दुसऱ्या कुणाशी बोलत नाही. माझी वाट बघतो."

मबरूकाने बोट सगळ्यात खालच्या, बिनखुणेच्या बटणावर ठेवून दाबलं. टूं, टूं, टूं. थोडं थांबून पुन्हा दाबलं.

"अजून बोलतोय," सालिहा कुजबुजली.

"बोलू दे," मबरूका म्हणाली आणि तिने पुन्हा बटण दाबलं.