राजकन्येचा होकार

बाईंना त्या राजकन्येचा मनापासून तिटकारा होता. दीड तासाच्या सिनेमात शाप लागून धुक्यात बसून राहायचं, अकरा वाक्यं बोलायची, त्यात चार नुसते उसासे, आणि सहा मिनिटांपूर्वी होडीतून उतरलेल्या माणसाबरोबर चालू पडायचं! साधी चौकशी नाही, की बाबा तू करतोस काय, घरी कोण कोण असतं. आणि या बिनडोक कार्टूनवर गेली चौतीस वर्षं आया, मुली, नाती ओळीने रडत आल्या होत्या.

राजकन्येला आवाज बाईंचा होता, म्हणून हा छळ त्यांच्या वाट्याला. बँकेत, दवाखान्याच्या रांगेत, कुणीतरी लाडात यायचंच. "ते शेवटचं म्हणून दाखवा ना!" दातांच्या डॉक्टरणीने तर जबड्यात चिमटा असताना हट्ट धरला होता. शेवटचं म्हणजे काय, तर राजपुत्र विचारतो, "येशील माझ्याबरोबर?" आणि ही म्हणते, "येईन. कुठेही येईन." त्या 'कुठेही'च्या आधी तिचा श्वास थरथरतो आणि अख्खं थिएटर नाकं ओढायला लागतं.

आता सिनेमा साफसूफ होऊन पुन्हा लागणार होता आणि जुन्या टेपवर नेमकी तेवढीच जागा बुरशीने खाल्ली होती. डबिंगच्या तरुण दिग्दर्शिकेने बाईंना स्टुडिओत बोलावलं. "ताई, एवढं एक वाक्य जुळलं तर बाकी सगळा तुमचा जुना आवाज ठेवू. नाही जुळलं तर अख्खी राजकन्या नव्या मुलीकडून करून घ्यावी लागेल."

"घ्या की, माझं काय जातंय," बाई म्हणाल्या. काय जातंय ते त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं. विम्याच्या कचेरीतला नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती, मुलगा परगावी होता, आणि लोकांना हवंसं वाटावं असं त्यांच्यापाशी उरलं होतं ते एवढंच, त्या मूर्ख पोरीचा आवाज. तो त्यांना कुणालाही द्यायचा नव्हता.

सकाळपासून चौदा टेक झाले. काहींत सूर खाली गेला, काहींत कंटाळा ऐकू येत होता. "ताई, जरा प्रेम हवंय," काचेपलीकडून दिग्दर्शिका म्हणाली.

प्रेम! बाईंना हसू आवरेना. त्या काळी दोघांनी एकाच माइकसमोर नाकाला नाक लावून उभं राहायचं असे, आणि राजपुत्राचा आवाज देणाऱ्या महाशयांनी घसा बसला म्हणून कच्चा लसूण चावला होता. बाईंनी श्वास कोंडून धरला होता. तीन पिढ्या ज्यावर विरघळल्या, तो थरथरता श्वास म्हणजे लसणाचा वास चुकवण्याची धडपड! त्यांनी आताही श्वास कोंडून पाहिला, तर खोकल्याची उबळ आली.

"समोर माणूस हवा," त्या शेवटी वैतागल्या. "हवेला काय येईन म्हणू? बोलवा त्या लसणाच्या गड्ड्याला."

दुपारी राजपुत्र आला. पोट सुटलेलं, केसांना कलप, दोन लग्नं मोडलेली. तोंड उघडलं की मात्र अजून लोक वळून बघायचे. "घाबरू नकोस," तो बाईंना म्हणाला, "आज दोनदा दात घासलेत."

"तुझ्यापायी त्या दिवशी सतरा टेक झाले," बाई फणकारल्या. "दोन शब्दांचं वाक्य, तेही तुला धड येईना."

"येत होतं की. मुद्दाम चुकत होतो."

"मुद्दाम? कशासाठी?"

त्याने माइककडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मी खरंच विचारत होतो गं. घरून बरंच काय काय पाठ करून आलो होतो, तुझ्यासमोर त्यातलं एक अक्षर फुटेना. हे कागदावर लिहिलेलं होतं, ते तेवढं फुटत होतं. म्हटलं, जमेल तितक्या वेळा विचारून घेऊ."

"मग मला कळणार कसं होतं?"

"सतरा वेळा विचारलं. सतराही वेळा तू येईन म्हणालीस. मग पर्स उचललीस आणि बस पकडायला गेलीस."

बाईंना हे हास्यास्पद वाटायला हवं होतं. कार्टूनमधलं वाक्य उसनं घेऊन मागणी घालणारा माणूस! त्यांच्या जिभेवर एरवी टोमणा तयार असायचा. आज तो आलाच नाही. राग आला. त्याचा आला, स्वतःचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या राजकन्येचा आला, जिला एकदा विचारलं तेवढ्यात कळलं होतं.

लाल दिवा लागला. पडद्यावर होडी काठाला टेकली. राजपुत्राने पडद्याकडे पाहिलंच नाही.

"येशील माझ्याबरोबर?"

पडद्यावर राजकन्येचे ओठ हलले आणि मिटले.

"ताई, तुमचं वाक्य राहिलं," दिग्दर्शिका हळूच म्हणाली. "पुन्हा घेऊ या?"

"नको." बाईंनी कानावरचे हेडफोन काढून ठेवले. "त्या नव्या मुलीला बोलवा. हे वाक्य म्हणायला काहीच माहीत नसावं लागतं."