कानबाईपुढची कॅसेट

माझ्या कानांची परीक्षा कुणी घेऊ नये. शेजारच्या घरात दूध उतू जायला लागलं, तर इकडे मला कळतं. आणि माझाच धाकटा भाऊ चुडामण मला आईचा आवाज शिकवायला निघाला!

"अक्का, माझ्याकडची मूळ कॅसेट जावयाने पुण्यात सीडीवर घेतली. यंदा कानबाईपुढे हीच लावू. तिच्यावरून उतरवलेल्या तुझ्या कॅसेटमध्ये आता राम नाही राहिला."

आई गेल्यापासून दर श्रावणात कानबाई देवी बसली, की आमच्या मेहरूणच्या घरी आईने गायलेली गाणी माझ्या कॅसेटवरूनच व्हायची. जावईच सांगत होते, सीडीचं यंत्र आवाजाचे तुकडे करून आकडे लिहितं म्हणून.

"तुकडे केलेली आई मला नको," मी म्हटलं.

"मग लाव पैज. तुझी वहिनी पडद्याआडून दोन्ही लावील. ओळखलंस तर तुझी कॅसेट, नाही तर सीडी."

"लाव की! मी काय भिते?"

भिकुबाई वहिनीने पहिलं लावलं. तोंडावर गोधडी घेऊन गावं तसा आवाज. "हीच तुझी सीडी," मी हसले, "कसली मेली दबलेली!"

मग दुसरं लागलं. अगं बाई! आईच. टाळीसरशी तिच्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या, तसा माझ्या अंगावर काटा आला.

"ही माझी कॅसेट! बांगड्या ऐक, चुडामण!"

वहिनीने पडदा सारला. "अक्का, ही सीडी होती. पहिली तुमची कॅसेट."

आई गेल्यापासून जीव कासावीस झाला की मी तीच लावायची. घासून घासून फितीवरचे बारीक आवाज आधी जातात म्हणे. आईच्या बांगड्या मीच पुसून टाकल्या होत्या. मला रडूच फुटलं.

वाटलं, आता हा चिडवणार. पण चुडामण माझ्याकडे बघतच राहिला. "बांगड्या? खरं शे का, अक्का?"

त्याने पुन्हा लावायला सांगितलं. स्पीकरला कान लावला, दुसरा लावला, मान हलवली. डाळमिलच्या यंत्रांच्या खडखडाटात उभा जन्म काढला त्याने. पैज जिंकला, पण काय जिंकला ते त्याला ऐकूच येत नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

रविवारी कानबाईपुढे सीडीच लागली. चुडामणला मी माझ्या शेजारी बसवला, त्याचा हात हातात धरला. आईची बांगडी वाजली की मी तो दाबायची.

"आता," मी म्हणायची. "आता, भाऊ. ही बघ, आता."