ऑर्फाचा उतारा

"गिळ. तोंड वाकडं करायला तू काही अंगावरचं पोर नाहीस," असं म्हणून ऑर्फाने चमचा एस्टिलच्या ओठांशी नेला आणि तो गिळेपर्यंत खाली घेतला नाही.

एस्टिल अठ्ठेचाळीस वर्षांचा, सहा फुटी गडी. वीस वर्षं शाळेची बस डोंगरातल्या वळणांवरून नेणारा. त्याने चमच्यातलं लाल पाणी घशाखाली ढकललं आणि त्याचं अंग शहारलं.

"आई, ह्यापेक्षा डॉक्टरांची सुई बरी गं."

"सुईचं कौतुक मला सांगू नकोस. पहिल्या सुईनंतर तीन दिवस न्हाणीघराच्या फरशीवर पडून होतास. तुला आठवत नसेल. पुसलं मी, मला आठवतं."

समोर शेजारीण व्हर्डी शेंगांच्या शिरा काढत बसली होती. ती म्हणाली, "खरंच बाई. परवा सुई झाली आणि आज मक्याची भाकरी हाणतोय. माझा नवरा हर्शेल आजारी होता तेव्हा मी तुझ्याकडे आले असते तर..."

"आली नाहीस. तेव्हा तुला टीव्हीवरच्या गोळ्या हव्या होत्या."

व्हर्डीने मान खाली घालून पुढची शेंग उचलली. त्या खोऱ्यात ऑर्फाच्या जिभेचा मार बसला नाही असं माणूस नव्हतं आणि तिचं औषध लागलं नाही असंही नव्हतं. त्यामुळे उलट बोलायची सोय नव्हती.

ऑर्फा शाळेत गेली ती तिसरीपर्यंत. सही येते, तीही कोणी बघत नसेल तर बरी येते. पण डोंगराच्या कुठल्या अंगाला कोणतं मूळ कधी उकरायचं हे तिला तिच्या आजीने दाखवलं होतं, आणि त्या आजीला तिच्या आजीने. खाणवाल्यांनी पलीकडच्या डोंगराचं डोकं कापून नेलं तेव्हा ऑर्फाला वाटलं, संपलं सगळं. पण त्या उघड्या बोडक्या कपारीवर पहिलं काही उगवलं असेल तर संत जॉनची पिवळी फुलं. चुरगाळली की बोटं लाल करतात. जूनमध्ये दव वाळलं की ती खुडायची, घरच्या मक्याच्या दारूत बरणीभर बुडवायची आणि चाळीस दिवस उन्हात ठेवायची. ज्याचं मन खचलंय, ज्याची झोप उडालीय, त्याला द्यायची.

एस्टिलच्या आतड्यात कॅन्सर निघाला, तो यकृतापर्यंत गेलेला निघाला, आणि एस्टिलचं बोलणं थांबलं. बायको सहा वर्षांपूर्वीच सोडून गेलेली. (ऑर्फाच्या मते देवाने ते एक काम वेळेवर केलं.) तेव्हा त्याच्या मनाला उभारी द्यायला आईशिवाय होतं कोण? पहिल्या सुईने तो फरशीवर आला तेव्हा ऑर्फाने बरणी उघडली. आणि काय सांगावं, दुसऱ्या सुईला उलटी नाही. तिसऱ्या सुईला नाही, जुलाबही नाहीत. ऑर्फाने ताडलं की ही फुलं विष खेचून बाहेर काढतात. तिने ते चर्चच्या पायरीवर सांगितलं. पोस्टात सांगितलं. पोस्टातल्या बाईला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा ती पुरेशी चकित झाली नव्हती.

दवाखान्यात मात्र कोणी काही बोललं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. दर खेपेला एस्टिलपुढे कागद यायचा. त्यावर विचारलेलं असायचं, बाहेरची काही पूरक औषधं, जडीबुटी घेता का? एस्टिल 'नाही'वर खूण करायचा आणि अगदी खऱ्या मनाने करायचा. पूरक औषधं म्हणजे दुकानाच्या फळीवरच्या महागड्या डब्या. आईच्या हातच्या चमच्याला कोणी बाहेरचं म्हणतं का?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्कॅन झाला. दोन तास गाडी हाकून दोघं शहरातल्या दवाखान्यात गेली. डॉक्टर तरुण होता, कागदांवरून मान वर न करता बोलणारा.

"गाठी कमी झालेल्या नाहीत. यकृतातल्या दोन थोड्या वाढल्या आहेत."

एस्टिल गुडघ्यावरची टोपी गोल फिरवत राहिला.

"मला कळत नाहीये," डॉक्टर म्हणाला. "औषध तुम्हाला इतकं छान सोसतंय. उलट्या नाहीत. पांढऱ्या पेशी ह्या औषधाने घटतात, तुमच्या जागच्या हललेल्या नाहीत. त्या बाबतीत नशीबवान आहात. आमच्या औषधं तपासणाऱ्या बाईंना एकदा सगळं बघू दे."

बातमी वाईट होती. ती ऑर्फाच्या छातीत जाऊन बसलीच. पण 'नशीबवान' हा शब्द तिला टोचला तो टोचला.

औषधं तपासणारी बाई म्हणजे तिशीची एक पोरगी. दारावर तिचं नाव होतं, ते एस्टिलने वाचलं, केंड्रा नेपियर. ऑर्फाने तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि आपल्याकडे जे आधी विचारतात ते विचारलं, "कुणाची गं तू?"

"कटशिनच्या नेपियरांची. ओढ्याच्या वरच्या अंगाची."

"म्हणजे अगदीच परकी नाहीस."

"परकी होणार नाही अशी काळजी घेते, मिस ऑर्फा." डोंगरात वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं 'मिस' म्हणून केंड्रा हसली आणि एस्टिलकडे वळली. "पूरक औषधं काही?"

"नाही."

"व्हिटॅमिन? पावडर?"

"नाही."

"उलटीच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या किती लागतात?"

"पहिल्या वेळेनंतर लागल्याच नाहीत."

केंड्राचं पेन थांबलं. "एकही नाही?"

एस्टिलने आईकडे बघितलं आणि झटकन नजर टोपीत घातली. मागे आरोग्यखात्याचा एक माणूस घरी येऊन आईच्या बरण्यांना हसला होता. एस्टिलने त्याला कॉलरला धरून ओढ्यापर्यंत पोचवला होता. पुन्हा कोणाला हसायची संधी द्यायची नाही, एवढंच त्याच्या मनात. आईसाठी तो गप्प बसला.

पण आईला कुठे राहवतंय.

"नशीब नाही न् तुमची गोळीही नाही," ऑर्फा ताठ होऊन म्हणाली. "माझी बरणी आहे. तुम्ही विष घालता, मी उतारा देते. रोज तीन चमचे. थेंबभर राहू देत नाही अंगात."

एस्टिल पुटपुटला, "आई, अगं..."

"अगंबिगं काही नाही. ह्यांनी गाठी वाढवून ठेवल्या न् मी तुला उभा ठेवला. कळू दे की त्यांना."

केंड्रा हसली नाही. "काय असतं बरणीत, मिस ऑर्फा?"

"फुलं. संत जॉनची पिवळी."

"पान उजेडात धरलं की बारीक भोकं दिसतात, ती?"

"तीच. तुला गं काय ठाऊक?"

"माझी आजी भाजल्यावर लावायची त्याचं तेल."

मग तिने पेन ठेवलं, उठून दार लोटलं आणि खुर्ची ओढून घेतली ती ऑर्फाजवळ. एस्टिलजवळ नाही. ते ऑर्फाच्या ध्यानात आलं.

"मिस ऑर्फा, तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर आहे," केंड्रा म्हणाली. "ही फुलं पोटात गेली की यकृत जोराने कामाला लागतं. आलेलं औषध भराभर मोडतं आणि बाहेर टाकतं. म्हणून उलट्या नाहीत. म्हणून पांढऱ्या पेशी हलल्या नाहीत."

"तेच तर घसा फोडून सांगतेय मी."

"पण गाठींना मारणार होतं ते तेच विष. ते बाहेर गेलं."

बाहेर कोणीतरी चाकाची खुर्ची ढकलत गेलं, तिचं एक चाक कुरकुरत होतं, ते पार पलीकडच्या टोकाला जाईपर्यंत ऐकू येत राहिलं.

"कोण म्हणतं?" शेवटी ऑर्फा म्हणाली.

"रक्त तपासून पाहिलंय लोकांचं. हेच औषध, हीच फुलं. गाठी फक्त ह्यानेच वाढल्या का, ते मी सांगू शकत नाही. कोणीच नाही सांगू शकणार. पण औषध लागू पडायला हवं असेल तर बरणी बंद. तीन आठवडे थांबू, यकृत निवू दे, मग पुन्हा सुरू. डॉक्टरांशी मी बोलते."

"मग पुन्हा ते पहिल्या खेपेसारखं?"

"होईल तसं कदाचित. गोळ्यांनी थोडं आवरेल. सगळं नाही."

एस्टिल म्हणाला, "आई, जाऊ दे. तुझी काही ह्याच्यात..."

"तू गप. माझं काय न् किती ते माझं मला कळतं." मग केंड्राकडे वळून ती म्हणाली, "लिही."

"काय लिहू?"

"सगळं. फुलं एकच नाहीत. चहात घालते ते मूळ आहे, छातीला चोळते ती साल आहे, झोपताना देते ते आणखी वेगळं. मी नावं सांगते, तू लिही, आणि कशाने काय होतं ते एकेक करून मला सांग." ती थांबली. "वाचून सांगायचं. मला वाचता येत नाही."

बहात्तर वर्षांत हे वाक्य तिने परक्यापुढे उच्चारलं नव्हतं. एस्टिल दुसरीत होता तेव्हा त्याचा धडा ती चष्मा हरवल्याचं सांगून त्याच्याकडूनच वाचून घ्यायची. चष्मा तिला साठीपर्यंत नव्हताच. एस्टिल आता खिडकीबाहेर बघू लागला.

केंड्राने अकरा नावं लिहिली. काहींना ती म्हणाली, चालेल. काहींना म्हणाली, अजिबात नको. दोन-तीन नावांवर तिने खूप वेळ पडद्यावर शोधाशोध केली आणि म्हणाली, "ह्यांचं कोणालाच माहीत नाही, मिस ऑर्फा."

"मला आहे माहीत."

"ह्या औषधाबरोबर काय होतं ते?"

ऑर्फाने कागदावर बोट टेकवलं. "नाही," ती म्हणाली. "रेघ मार."

परतताना अर्धा रस्ता मागे पडला. मग एस्टिल म्हणाला, "कागदावर खूण मी करत होतो, आई. माझंही..."

"समोर बघून चालव. वळण आहे."

त्यानंतरच्या रविवारी ऑर्फा चर्चच्या पायरीवर उभी राहिली आणि आपल्या बरणीने पोराचं औषधच बाहेर टाकलं, हे तिथेच सांगितलं. मोठ्याने, कारण हळू बोलायची तिला सवय नव्हती. सोमवारी पोस्टात जाऊन सांगितलं. ह्या वेळी पोस्टातली बाई पहिल्याच दमात चकित झाली.

व्हर्डी तिची नेहमीची बाटली न्यायला आली, झोपेची. ऑर्फाने फळीकडे हात नेला आणि मागे घेतला.

"तू रक्त पातळ करायची गोळी घेतेस ना?"

"त्याला झाली पंधरा वर्षं. मग?"

"मग नाही. त्या कटशिनच्या पोरीचा नंबर देते. तिला विचार, मग ये."

व्हर्डी दारात तशीच उभी राहिली. "ऑर्फा, तुला त्या लोकांनी बाटवलं गं."

"बाटवलं तर बाटवलं. तुला पुरायचं तर मलाच यायला लागेल, ते काम मला नको."

व्हर्डी रागावून गेली. दोन दिवसांनी एस्टिलसाठी रस्सा घेऊन आली, पण बाटलीबद्दल बोलली नाही. दुसरं कोणीही बाटली मागायला आलं नाही. जून संपत आला तरी त्या वर्षी ऑर्फाच्या अंगणात औषधासाठी चार-चार बाया बसून आहेत असं दिसलं नाही. कपारीवर फुलं आली आणि तिथेच वाळली.

जुलैत सुई झाली. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुमारास एस्टिल न्हाणीघरात गेला तो परत आलाच नाही. ऑर्फाने दार ढकललं. तो फरशीवर कुशीवर पडला होता, गुडघे पोटाशी घेऊन. सकाळची गोळी दिली होती, दुपारचीही दिली होती. तिसरी संध्याकाळच्या आत द्यायची नाही, असं केंड्राने बजावलं होतं.

ऑर्फाने त्याचं तोंड पुसलं, जमीन पुसली. तो पुन्हा ओकला. तिने पुन्हा पुसलं.

"आई," तो म्हणाला. "एक चमचा दे."

"नाही."

"अर्धा दे. आजच्यापुरता. कोणाला कळणार नाही."

"मला कळेल."

"सहन होत नाही गं मला."

लहानपणी हा दाढ दुखली तरी रडत नसे. बरण्यांची फळी इथून बारा पावलांवर होती. ह्याच पोरासाठी नव्हे, ह्या खोऱ्यातल्या कुणाही दुखणाऱ्या माणसासाठी ती पन्नास वर्षं त्या बारा पावलांना उठलेली होती, भर जेवणातून उठलेली होती, स्वतःच्या नवऱ्याच्या प्रेतापाशी बसलेली असताना उठलेली होती. तिचे गुडघे आपोआप सरळ होऊ लागले. तिने ते खाली दाबले आणि पाणीभरल्या घमेल्यासारखी स्वतःला जपत जपत भिंतीला टेकून फरशीवर बसली.

"नाही, एस्टिल," ती म्हणाली. "ओक. होऊ दे. औषध आत आहे म्हणून होतंय."

"तू जा बाहेर. बघू नकोस."

"मी कुठे बघतेय. मी बसलेय."

तो सरकत सरकत जवळ आला आणि त्याचं डोकं तिच्या पायावर टेकलं, बुटाच्या वर, घोट्यापाशी. केस गळायला लागले होते, टाळू ओली होती. तिने हात मांडीवर ठेवले. हातांना काही काम नव्हतं. बाहेर अंगणात कोणाची तरी गाडी येऊन थांबली, दोनदा भोंगा वाजला, मग निघून गेली.

थोड्या वेळाने त्याचा श्वास संथ झाला. उन्हाचा पट्टा खिडकीतून खाली उतरला आणि टबाच्या कडेपाशी पोचला. ऑर्फाचा पाय गुडघ्यापर्यंत बधिर झाला होता. तिने तो हलवला नाही.