थाळी वाजली तेव्हा

थाळी वाजायला लागली तेव्हा नीळकंठ सर दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस होता.

"झुंबरबाईची थाळी वाजून राह्यली," स्वयंपाकघरातून बायको, स्नेहलता, ओरडली. "जा नं लवकर!"

"जातो."

पण हात आरशासमोरून हलेना.

पूर्णेची वाळू उपसून उपसून गावची विहीर आटत चालली होती. ट्रॅक्टरला नदीत उतरायला वाट एकच, दोन शेतांच्या धुऱ्यांमधली, अरुंद. ग्रामसभेत बाजीप्रभूंच्या घोडखिंडीची गोष्ट सरांनीच सांगितली होती. वाट अरुंद असली की थोडी माणसं पुरतात, म्हणाले. टाळ्या पडल्या. झुंबरबाईनं खरंच त्या वाटेत आपली खाट आडवी टाकली. ट्रॅक्टर आले की तिनं थाळी वाजवायची, सरांनी गाव घेऊन धावायचं, असं ठरलं.

ट्रॅक्टर रंगरावांचे. शाळाही रंगरावांचीच, आणि तिथं सरांच्या मुलाला, ऋत्विकला, नोकरीला चिकटवायचं चाललेलं.

स्नेहलता दारात आली. "लोकं उभे हायेत बाहेर, तुमच्यासाठी. काऊन थांबले?"

"दुसरा गाल तर होऊ दे."

थाळी वाजतच होती. मग थांबली.

गुळगुळीत गालांनी सर पोचले तेव्हा खाटेचा चुरा झाला होता आणि झुंबरबाईचा उजवा हात मोडला होता. भेकडाला गाव शिव्या देत नाही, 'सर' म्हणत राहतं.

शिवजयंतीला व्याख्यान सरांचंच. खुर्चीत रंगराव, पुढं सतरंजीवर गळ्यात हात बांधलेली झुंबरबाई. सांगता सांगता पाऊस झाला, पालखी झाली, खिंड झाली, बाजीप्रभूंच्या अंगाची चाळण झाली. आता गडावरच्या तोफा. सर तिथंच अडले.

"सांगा नं, सर," झुंबरबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तोफा वाजल्या का नाई? कान देऊन उभा हाये तो बिचारा."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही.

नंतर ती डाव्या हातात थाळी धरून प्रसाद देत होती. तीच थाळी, काठ चेपलेली. सर रांगेत शेवटी.

"घ्या, सर. तुमच्यासाठी ठेवले हायेत."

तळाशी चार फुटाणे होते. सर ते उचलायला गेले, बोटातली अंगठी काठाला लागली आणि थाळी वाजली.